बिनभोकांचं टेबल

कोल्हापूरच्या स्टँडवर कंडक्टरनं माझ्या खांद्यावरची लांब काळी नळी बघितली आणि मला बसच्या दारातच अडवलं.

"काय हाय ह्यात? बंदूक?"

"काठी आहे. बिलियर्ड्सची."

"म्हंजे स्नूकर?"

"साधारण तसंच," मी म्हणालो आणि आत जाऊन बसलो.

हे उत्तर मी गेली वीसएक वर्षं देतोय आणि ते खोटं आहे. स्नूकरच्या टेबलाला सहा भोकं असतात आणि बॉल त्यांत घालायचे असतात. मी खेळतो, किंवा खेळायचो, त्या टेबलाला एकही भोक नसतं. तीनच बॉल. आपल्या बॉलनं उरलेल्या दोन्ही बॉलना शिवायचं, पण दुसऱ्याला शिवण्याआधी टेबलाच्या रबरी कडांवर निदान तीनदा आपटायचं. जमलं तर एक गुण. बॉल कुठं जात नाहीत, पडत नाहीत. डाव संपला तरी तिघंही टेबलावरच असतात.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत नोकरी करतो. तरुणपणी कंपनीनं दोन वर्षं दक्षिण कोरियाला पाठवलं होतं, तिथं हे शिकलो. तिथं गल्लोगल्ली, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असे हॉल. संध्याकाळी कामगार, मास्तर, दुकानदार सगळे बूट काढून, सपाता घालून तिथं. अजूनही भरलेले असतात म्हणे. परत आलो आणि कळलं, आपल्याकडं विचारलं तर लोक 'कॅरम का?' म्हणून बोटानं सोंगटी मारून दाखवतात.

मग एकदा मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. तिरका धरलेला फोन, पंख्याची घरघर, आणि निळ्या कापडावरून एक पिवळा बॉल तीन कडांना लागून आरामात जाऊन लाल बॉलला टेकला. मागून एक म्हातारा आवाज आला, "बसला!" मी खाली माझा नंबर लिहिला. तासाभरात फोन आला. रमाकांत साळवे, छत्रपती संभाजीनगर, वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले टूलरूम फिटर.

तेव्हापासून सहा वर्षं दर रविवारी आम्ही फोनवर खेळलो. टेबल त्यांच्याकडं, माझ्याकडं फक्त जेवणाचं टेबल आणि तीन लिंबं. ते सांगायचे, पांढरा अमुक खुणेवर, लाल कोपऱ्याजवळ. मी लिंबं मांडायचो, विचार करायचो आणि शॉट सांगायचो. ते तो खरोखर मारून बघायचे आणि कळवायचे, "गेला असता, पन वेग कमी पडला तुमचा." बायको म्हणायची, लिंबाचं सरबत तरी करू दे.

पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं होतं, तिकडं किती जण खेळता? मी म्हणालो, आम्ही चार-पाच जण आहोत. का म्हणालो, सांगता येणार नाही. त्यांच्या आवाजात असं काही होतं की नाही म्हणवेना. पुढं त्या चौघांना जन्म द्यावा लागला. एक डॉक्टर, एक पंप दुरुस्त करणारे शिंदे, एक बँकेतले आणि त्यांचा मेहुणा. साळवेकाका मधूनमधून चौकशी करायचे, "डाक्टरांचा गुडघा कसाय आता?"

मार्चच्या शेवटी त्यांचा फोन आला, तो रविवार नव्हता.

"देसाईसाहेब, यायचं यायचं म्हनता, तर आता या. पुढच्या सोमवारनंतर टेबल ऱ्हानार नाय."

शुक्रवार

सिडकोत बॅटरीच्या दुकानावर एक जिना चढून गेलं की अजहरभाईंचा हॉल लागतो. जिन्याच्या तोंडाशी साळवेकाका उभे होते. फोनवरच्या आवाजावरून मी धिप्पाड माणूस कल्पिला होता. प्रत्यक्षात बारीक अंगाचे, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले, बोटांची टोकं कारखान्यानं कायमची काळी केलेले. वय बहात्तर. हातात हात घेतला तो सोडलाच नाही, तसेच वर घेऊन गेले.

हॉलमध्ये पाच टेबलं होती. चार टेबलं भोकांची, त्यांवर तरुण पोरंपोरी वाकलेली, गाणी चालू. पाचवं अगदी आतल्या भिंतीशी, चादर घातलेलं. काकांनी चादर दोन्ही हातांनी गुंडाळत नेली, आजारी माणसाच्या अंगावरून काढावी तशी. खाली निळं कापड, मधे खूप घासून पांढुरकं झालेलं. कडेला लाकडात शिंपल्याच्या खुणा. चारही कोपरे बंद.

हे टेबल बेल्जियममधून आलं होतं. वाळूजच्या कारखान्यात मोठी प्रेस मशीन बसवायला तिकडचा एक इंजिनियर आला होता, त्याला सगळे लूकसाहेब म्हणत. चार वर्षं राहायचं म्हणून त्यानं मशीनच्या पेट्यांबरोबर आपलं टेबलही मागवलं. ते जोडायला टूलरूममधून काकांना बोलावलं. दगडाच्या तीन जाड फरश्या एका पातळीत आणायला त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी लूकसाहेबानं त्यांच्या हातात काठी दिली.

"फरशीखाली तापवायची तार होती," काका सांगत होते. "तिकडं थंडी, दगड गार पडला की बॉल पळत नाय. त्यानं इथला एप्रिल पाह्यला आन् स्वतःच तार कापून टाकली. म्हनला, साळवे, तुमचं ऊनच पुरं हाय."

लूकसाहेब गेला, टेबल कारखान्याच्या क्लबात राहिलं. सहा जण खेळायचे, पहिली पाळी सुटल्यावर. मग क्लबच्या खोलीत गोदाम झालं, आणि काकांनी हातापाया पडून टेबल अजहरभाईंच्या हॉलमध्ये आणवलं. सहांतले दोघं वारले, एक मुलाकडं पुण्याला गेला, एकानं सोडून दिलं. कन्नडचे निकम राहिले होते, ते महिन्यातून एकदा येतात असं काका सांगायचे. एरवी काका एकटेच खेळतात. पांढऱ्या बॉलनं स्वतः, पिवळ्या बॉलनंही स्वतःच.

"मग जिंकतं कोण?" मी हसत विचारलं.

"पिवळा," ते न हसता म्हणाले.

आम्ही खेळायला घेतलं. माझा पहिला शॉट तिसऱ्या कडेपर्यंतही पोचला नाही. लिंबांवर सगळं जमतं, इथं हात दगडासारखा. काकांनी माझं मागचं कोपर बोटानं थोडं वर उचललं. दहाव्या-बाराव्या शॉटला माझा बॉल एक, दोन, तीन कडा घेऊन लालला लागला. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी थांबून बघत होती. तिनं विचारलं, "अंकल, ये किसमें जाता?"

"कशातच नाय," काका म्हणाले.

ती "ओके" म्हणून वळली.

अजहरभाई चहा घेऊन आले. मी मनात त्यांच्यावर राग धरून आलो होतो, पण हा पन्नाशीचा, थकलेल्या डोळ्यांचा माणूस रागावण्यासारखा नव्हता. "सर, बरसों से रखा मैं," ते म्हणाले. "काका के वास्ते रखा. पोट्टे आते, देखते, पूछते, होल कां हैं इसके? मैं क्या बोलूं? एक महीना दिया काका को, कहीं जगा देख लो बोलके. सोमवार को हैदराबाद से कारीगर आरा. कोने काटेगा, छे पॉकेट लगाएगा. पत्थर बहोत उम्दा है, सर. फेंकने का दिल नहीं होता."

दुपारी त्यांनीच आम्हाला शहागंजला नेऊन नान आणि मटणाचा खलिया खाऊ घातला. आम्हा कोल्हापूरकरांना वाटतं की रस्सा फक्त आपल्यालाच कळतो. खलियाचा रस्सा पिवळा, आमच्या तांबड्यासारखा अंगावर धावून येत नाही, हळूहळू चढतो. नान तर मोठे, मऊ, पिवळसर. अजहरभाई काकांच्या ताटात वाढत होते आणि काका "बस, बस" म्हणत होते. दोघांत भांडण असतं तर मला सोपं गेलं असतं.

शनिवार, कन्नड

निकमांनी फोनवर कबूल केलं होतं. कन्नडला त्यांच्या घरामागं पत्र्याची मोठी खोली रिकामी होती, टेबल तिथं ठेवायचं. काका वस्तीतल्या विहारात वंदना करून सकाळीच स्टँडवर आले, खिशात मोजायची टेप. वाटेत सांगत होते, खोली किती बाय किती लागेल, काठी मागं न्यायला चारी बाजूंनी किती जागा हवी, पत्र्याखाली कापडाचं छत कसं बांधता येईल. दौलताबादचा किल्ला गेला, वेरूळचा उतार आला, देवळाकडं वळणाऱ्या गाड्यांत बस अडकली. मी आयुष्यात लेणी पाहिली नव्हती. "येताना उतरू," काका म्हणाले. दोन्ही बाजूंना काढलेल्या उसाचं पाचट पडलं होतं आणि झाडं धुळीनं एका रंगाची झाली होती.

निकम ओट्यावर खुर्चीत बसलेले होते. उंच, देखणे, पांढऱ्या मिशीचे. सहा जणांतले सगळ्यात चांगले खेळाडू तेच, असं काका नेहमी सांगायचे. त्यांनी उठून आमचं स्वागत केलं, पाणी मागवलं.

"निकमसाहेब, खोली बघायची का?" काकांनी विचारलं.

"बघा की. तुमचीच हाय."

"टेबल सोमवारच्या आत हलवावं लागंल."

"हलवा की. कसलं टेबल?"

काकांना वाटलं, चेष्टा आहे. ते हसले. "आपलं. तीन बॉलचं."

"हां हां," निकम म्हणाले. मग माझ्याकडं वळून अदबीनं विचारलं, "आपन कुठनं आलात?" मी सांगितलं. मग काकांकडं वळून तितक्याच अदबीनं, "आन् आपन?"

त्यांचा मुलगा आतून आला आणि आम्हाला बाजूला घेऊन गेला. साखर कारखान्यात नोकरीला होता, त्या दिवशी घरी होता. "काका, माफ करा," तो म्हणाला. "वर्ष झालं. बाबा सगळ्यांनाच व्हय म्हनतात. परवा एका मानसाला ट्रॅक्टर दिला होता." त्यानं ती खोलीही दाखवली. छतापर्यंत कांदा भरलेला होता. काकांनी टेप बाहेर काढली नाही.

आम्ही परत ओट्यावर येऊन बसलो. जेवल्याशिवाय सोडणार नव्हते. काका निकमांना एकेक गोष्ट सांगून बघत होते. क्लबातला पिवळा दिवा. दिवाळीतली ती मॅच. लूकसाहेबानं दिलेली काठी. निकम प्रत्येकाला "हां हां" म्हणत होते. मधेच त्यांचा चेहरा उजळला.

"त्याचं कुत्रं होतं," ते म्हणाले. "तांबडं. लॉरीला भ्यायचं."

"व्हय! व्हय, होतं!" काका पुढं सरकले. "टेबलाखाली बसायचं. आन् वर आपून काय करायचो, निकमसाहेब?"

निकमांनी बराच वेळ विचार केला. "लई भ्यायचं लॉरीला," ते म्हणाले.

परतीच्या जीपचं टायर वेरूळच्या अलीकडं फुटलं. जादाचं टायरही धड नव्हतं, ड्रायव्हर कुणाच्या तरी मोटारसायकलवरून गेला. आम्ही बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत दीड तास बसलो. लेणी तिथून हाकेच्या अंतरावर होती, पण उठायचं बळ दोघांतही नव्हतं. काका म्हणाले, "दोघं होतो म्हनून ध्यानात ऱ्हायलं सगळं. आता मी एकटाच सांगनार आन् मीच ऐकनार. मला तरी कसं कळावं, मी खरं सांगतोय का नाय."

मला आमच्या पेठा आठवल्या. कोल्हापुरात प्रत्येक पेठेची तालीम, प्रत्येकीचा फुटबॉलचा संघ. खेळाडू म्हातारा झाला तरी गल्लीतली चार पोरं त्याचे गोल सांगत फिरतात. खेळाच्या मागं एक पेठ लागते. या खेळाच्या मागं एक पाळी होती, कामगारांची, आणि पाळी बदलत राहते.

संध्याकाळी काकांच्या घरी जेवायला गेलो. काकूंनी येसर आमटी केली होती, भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ लावून केलेली दाट, खमंग आमटी, बरोबर ज्वारीची भाकरी. मी तीन वाट्या प्यायलो. काका हात धुवायला उठले तेव्हा काकू हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, टेबलाचं मला काय नाय. पन हे रोज चारला निघतात आन् सातला येतात. आता चारला काय करतील? मला त्या चार वाजन्याचंच भ्या वाटतं."

रविवार

शेवटची मॅच पंचवीस गुणांची खेळायची ठरली. सकाळी हॉलमध्ये कुणी नव्हतं. काकांनी ब्रशनं कापड एकाच दिशेनं साफ केलं, बॉल मऊ फडक्यानं पुसले. गुण मोजायला भिंतीवर तारेत ओवलेले लाकडी मणी होते.

ते फार सुंदर खेळले. एकदा पाठोपाठ पाच गुण घेतले आणि सहाव्याला बॉल केसाएवढ्या अंतरानं चुकला. मी अकरावर होतो तेव्हा ते पंचविसाला पोचले. शेवटचा शॉट लांबचा होता. बॉल तीन कडा घेऊन टेबलाची पूर्ण लांबी ओलांडून इतक्या हळू आला की मी श्वास धरला. टेकला. या वेळी ते "बसला" म्हणाले नाहीत. शेवटचा मणी सरकवला आणि स्टुलावर बसले.

मग त्यांनी तिन्ही बॉल एका डब्यात घातले आणि डबा माझ्यापुढं धरला. "हे तुम्ही न्या. भोकांच्या टेबलाला हे चालत नाय, मोठे पडतात. तुमचे डाक्टर, शिंदे, ते बँकवाले, तुम्ही पाच जन हात. आज ना उद्या टेबल कराल."

मी डबा घेतला नाही. 

"काका," मी म्हणालो, "डॉक्टर नाहीत."

"म्हंजे? वारले?"

"नाहीत म्हणजे, कधी नव्हतेच. शिंदे नाही, बँकवाले नाहीत. कोल्हापुरात मी एकटाच आहे. पहिल्या वर्षी बोलून गेलो आणि मग..." चोपन्न वर्षांचा माणूस, पण कान शाळेतल्यासारखे तापले होते.

त्यांनी डबा मांडीवर ठेवला. झाकणावरून अंगठा फिरवत राहिले.

"मला वाटायचंच," ते शेवटी म्हणाले. "सा वर्षं फोन करता. मागं कधी दुसरा आवाज आला नाय."

"मग तुम्ही गुडघ्याचं का विचारायचा?"

"बरं वाटायचं विचारायला."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही.  मग ते म्हणाले, "मी पन तुम्हाला सांगितलं होतं, निकम महिन्याला येतात म्हनून. चार वर्षं झाली त्यास्नी येऊन." आणि डबा पुन्हा माझ्यापुढं केला. या वेळी मी घेतला.

सोमवार ते बुधवार

मी सोमवारीच निघणार होतो. सुटी संपली होती. पण काका दहा वाजता हॉलवर जाणार म्हणाले, तेव्हा फाउंड्रीत फोन करून दोन दिवस वाढवून घेतले.

हैदराबादचा कारीगर अबोल माणूस होता. कापड काढलं, रबर काढलं, तेव्हा करड्या दगडाच्या तीन फरश्या उघड्या पडल्या. सांधे शोधावे लागत होते, इतके बारीक. तो त्यांवरून हात फिरवत म्हणाला, "किसने बिठाया?" अजहरभाईंनी काकांकडं बोट केलं. कारीगरानं कपाळाला हात लावून सलाम केला.

मग तो पट्टीनं कोपऱ्यावर खूण करू लागला, तसे काका उठले. "थांबा," ते म्हणाले. पिशवीतून त्यांनी स्वतःचा गुण्या, कर्कटक आणि रेघ ओढायची पोलादी सुई काढली. म्हणजे ते घरून ठरवूनच आले होते. "कोपरा दोन सुतानं चुकला तरी फरशी तडकंल. मग ना हा खेळ, ना तो."

दोन तास ते त्या दगडावर वाकून होते. चारही कोपरे आणि लांब कडांचे दोन मध्य. प्रत्येक माप तीनदा घेतलं. मी टॉर्च धरला होता. घामाचा थेंब रेघेवर पडला की ते शर्टाच्या बाहीनं टिपायचे. सहावी कमान ओढून झाल्यावर ते मागं सरले आणि कारीगराला म्हणाले, "आता काप."

कापायचं यंत्र सुरू झालं. दगडाची करडी धूळ उडाली, सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर बसली. मी म्हणालो, काका, खाली जाऊ या. ते हलले नाहीत. पहिला तुकडा सुटून खालच्या गोणपाटावर पडला तेव्हा त्यांनी तो उचलला, कापलेली कड बोटानं तपासली. "सरळ आलीय," म्हणाले आणि ठेवून दिला.

बुधवारी दुपारी टेबल तयार झालं. नवं हिरवं कापड, नवी रबरं, सहा काळी जाळीदार भोकं. अजहरभाईंनी पेढे आणले होते. रंगीत बॉल त्रिकोणात रचले आणि एक नवी काठी दोन्ही हातांवर ठेवून काकांपुढं आणली. "पैला शॉट आपका, काका. आप नहीं मारे तो मैं चालू नहीं करता."

हॉलमधली सगळी पोरं भोवती जमली. काकांनी काठीला खडू लावला. वाकले. पांढरा बॉल रचनेवर न मारता त्यांनी तो बाजूच्या कडेवर सोडला, सवयीनं. एक कड, दुसरी कड. बॉल छान वळला, कोपऱ्याकडं निघाला. तिथं कड असती तर तिसरा टप्पा घेऊन तो नेमका रंगीत बॉलांवर आला असता. तो कोपऱ्यात शिरला आणि पडला. खाली जाळीत लाकडावर आपटल्याचा आवाज आला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका तसेच वाकून त्या कोपऱ्याकडं बघत राहिले.

अजहरभाई जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काका, इसमें सफेद अंदर गया तो फाउल होता."

"असं व्हय," काका म्हणाले. ते सरळ झाले, शर्टावरचा खडू झटकला. मग माझ्याकडं बघून विचारलं, "म्हंजे आता पाळी तुमची का?"

मी हो म्हणालो. त्यांनी जाळीतून बॉल काढला, फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला.